बोजारा

तारांकित प्रश्नाचं उत्तर लिहावं तर आमच्या पिढीनंच, असं माझं ठाम मत आहे. ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ या एका वाक्यावर मी कित्येक हिवाळी अधिवेशनं काढली. यंदा शेजारच्या टेबलावरच्या पोरीनं संगणकावर काहीतरी खटखट केलं आणि माहिती खरोखरच संकलित झाली. “झालं नं सर, काऊन टेन्शन घेऊन राहिले?” एवढ्या सुबक वाक्याचा जीव माझ्यादेखत कुणी घेतला नव्हता.

साहेब म्हणाले, नव्यांना जरा घडवा. माझी मान ताठ झाली. घडवण्याचं शास्त्र नागपूरकराला कुणी शिकवू नये! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे तान्हा पोळा भरतो. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी तो सुरू केला, असं सांगतात. पोराच्या हाती एकदम खरा बैल द्यायचा नाही. लाकडी नंदी द्यायचा, चाकांवरचा. तो लाथ मारत नाही, शेण टाकत नाही, वैरण मागत नाही. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरं. पोरांनी तो घरोघर ओढत न्यायचा आणि मोठ्यांनी निमूट बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे, काढून द्यायचा. माझा नंदी तर अख्ख्या महाल भागात देखणा होता. बक्षीस हुकलं ते परीक्षकाच्या पुतण्यामुळे. असो. (असो म्हणतो, पण अजून झोंबतं.)

तर मी शिकवायला बसलो. टिपणीला समास किती सोडावा, फाइलला टॅग कसा लावावा आणि नोकरीवर निष्ठा कशी ठेवावी. निष्ठेपाशी पोरीनं विचारलं, “सर, तुम्हाला पेन्शन किती बसन?”

१ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांना जुनी पेन्शन. नंतरच्यांची पगारातून कपात, पुढचं २०२४ पर्यंत तरी बाजाराच्या भरवशावर होतं. खोली एकच, पंखाही एकच. २०२३ च्या मार्चमधल्या जुन्या पेन्शनसाठीच्या संपात मीही बसलो होतो, खास यांच्यासाठी. फोटोत पुढच्या रांगेत. आठवड्याभरात संप मिटला. माझी पेन्शन आधीही सुखरूप होती, नंतरही. आमची निष्ठा काही फुकटची नव्हती, तिचे पैसे मरेपर्यंत दरमहा येणार आहेत. तरी ‘आजकालच्या पोरांत निष्ठा राहिली नाही’ म्हणणारे ऑफिसात ढिगानं आहेत. मला त्यांची चीड येते. त्यांच्यात आवाज सगळ्यांत मोठा माझाच असतो, ही एक अडचण.

आकडा सांगितला.

“बाप्पा!” ती म्हणाली. “मंग आजचे तर्री-पोहे तुमच्याकडून.”

सगळं टेबल उठलं. तिनं तर्री दोनदा मागून घेतली, वर चहा सांगितला, आणि गल्ल्यावरच्या माणसाला लांबूनच माझ्याकडे बोट दाखवलं.