एकदा टोचलं की झालं

लाळ्या खुरकुताच्या लसीने जनावराच्या रक्तात जी प्रतिपिंडं तयार होतात ती साधारण सहा महिने पुरतात, असं पशुवैद्यक सांगतात. सहा महिने! आहेरात आलेला मिक्सरसुद्धा याहून जास्त टिकतो. असल्या अल्पजीवी गोष्टीवर विसंबून न राहता जे पशुपालक "दोन वर्षांमागं टोचलीय की, डॉक्टर" एवढं बोलून लसवाल्याला चहा पाजून परत पाठवतात, त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे.

खरं तर आपल्याला बिघडवलं ते बुळकांड्याच्या लसीने. ती एकदा टोचली की जनावर जन्मभर निर्धास्त. २०११ साली तो रोगच जगातून गेल्याचं जाहीर झालं, आणि एका सुईत जन्माची सोय होते हा सिद्धांत मागे राहिला. लाळ्या खुरकुताच्या विषाणूने तो वाचलेला नाही, हा त्याचा अडाणीपणा. शिवाय त्याचे प्रकारही अनेक. आपल्याकडे ओ, ए आणि एशिया-१ फिरतात, आणि एकाची प्रतिपिंडं दुसऱ्याला ओळखत नाहीत. म्हणून लसीत तिन्ही घालावे लागतात. भाऊबंदकी आपल्याला नवी नाही, पण ही फारच झाली.

२०१९ साली सरकारने देशभराचा कार्यक्रम काढला: गाई-म्हशींना वर्षातून दोनदा लस, तीही फुकट. इथेच शहाणा माणूस सावध होतो. फुकट आहे म्हणजे काहीतरी असणारच. शिवाय लस टोचली की म्हैस एक-दोन दिवस दूध थोडं कमी देते, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. डेअरीच्या पावतीवर ते लगेच उमटतं. रोग आला की तोंडात फोड, खुरांत जखमा, लाळेच्या तारा, दूध जवळजवळ बंद, पुढे उन्हात कायमचं धापणं. पण ते कुठल्याच पावतीवर आगाऊ उमटत नाही. मग अर्धा लिटर आज वाचवणं हाच व्यवहार नव्हे काय?

आमच्या गल्लीतले अण्णा या शास्त्रातले जाणकार. लसीची गाडी फाट्यावर दिसली की त्यांच्या तिन्ही म्हशी कॅनॉलवर. कुणी विचारलं तर "चरायला गेल्यात". दावणीला राहते ती चार महिन्यांची पारडी. तिला पहिली टोचणी मिळते. महिन्याने बूस्टर द्यायचा असतो, तेव्हा तीही म्हशींसोबत चरायला जाऊ लागलेली असते. पहिल्या डोसाची प्रतिपिंडं महिनाभरात चढतात आणि बूस्टर नसला की भराभर उतरतात. पारडीच्या कानात मात्र बारा आकडी पिवळा बिल्ला दिमाखात डुलतो. अण्णा तो पाहुण्यांना दाखवतात. आता रक्तात काही नसलं तरी कानात आहे ना?

लस २ ते ८ अंशांत ठेवायची असते आणि गोठू द्यायची नसते, हेही एक थोतांडच म्हणायचं. थंड चांगलं, तर बर्फ झालेलं अधिक चांगलं, असा सरळ विचार करून ती कुल्फीशेजारी ठेवणारा एक सज्जन मला माहीत आहे. तेलातली लस गोठली की फुटते, कामाची राहत नाही. पण टोचली तर जाते, नोंद तर होते.

आमच्या घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे लिटर, गॅसची टाकी, एकादशी, मामाकडचं बारसं, म्हैस दाखवल्याची तारीख सगळं पेनाने लिहिलेलं आहे. लस कधी टोचली ते लिहिलेलं नाही. ते आमच्या लक्षात असतं.

आता ऊसतोडीचा हंगाम येईल. मराठवाड्यातून बैलगाड्या कारखान्यांकडे निघतील, वाटेत एकाच हौदावर दहा गावची जनावरं पाणी पितील. त्याआधी लसीची फेरी आहे, बुधवारी सकाळी आठला, ग्रामपंचायतीसमोर. म्हशी कुठे न्यायच्या ते आजच ठरवा. कॅनॉलवरची सावलीची जागा अण्णांनी धरली आहे.