पी हळद, हो निश्चिंत

वनस्पतीतल्या अमुक घटकाने त्वचेचा कर्करोग रोखता येणार, ही बातमी वर्षातून चार-पाच वेळा तरी येतेच. कधी ग्रीन टी, कधी द्राक्षाची साल, कधी डाळिंब, आणि अधूनमधून आपली हळद. मथळ्यात तुम्ही-आम्ही असतो, उंदीर चौथ्या परिच्छेदात निघतो. तोवर वाचणाऱ्याने कॅप्सूल मागवलेली असते.

या उंदराकडे जरा निरखून बघा. त्वचेच्या कर्करोगाचा अभ्यास करायची प्रयोगशाळेतली एक जुनी, ठरलेली रीत आहे. उंदराची पाठ भादरायची. तिच्यावर डांबरातल्या विषारी रसायनांच्या जातीचं एक द्रव्य एकदाच लावायचं. मग आठवड्यातून दोनदा, कित्येक आठवडे, दुसरं एक द्रव्य लावत राहायचं. पहिल्याने पेशी बिघडतात, दुसऱ्याने त्या बिघडलेल्या पेशींना चेव येतो आणि गाठी उठतात. हे दुसरं द्रव्य मिळतं कुठून? जमालगोट्याच्या तेलातून. होय, तोच जमालगोटा, ज्याचं नाव काढलं तरी पोटात कळ येते. शंभर टक्के नैसर्गिक, आयुर्वेदाच्या ग्रंथांत जयपाल म्हणून मानाने बसलेला.

अमेरिकेत १९८८ साली अशाच भादरलेल्या पाठीवर हळदीतला पिवळा घटक, कर्क्युमिन, लावून पाहिला आणि गाठी कमी उठल्या. प्रयोग चोख होता. आपल्यापर्यंत पोचताना मात्र त्यातली हळद तेवढी पोचली, जमालगोटा वाटेतच गळाला. एका वनस्पतीने घातलेला घोळ दुसरीने निस्तरला, एवढीच ती हकिकत होती. आपण ती निसर्गाचा विजय म्हणून वाचली.

उंदराचं अभिनंदन. माणसाचं काय? खाल्लेल्या कर्क्युमिनपैकी रक्तात जेमतेम काही उतरतं, आणि ते टिकतही नाही. त्यातून हा पदार्थ मोठा लबाड. स्वतःच चमकतो, दिसेल त्या प्रथिनाला चिकटतो, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या चाचणीला वाटतं की औषध लागू पडलं. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनी २०१७ साली सगळा हिशेब मांडला. माणसांवरच्या १२०हून अधिक चाचण्या त्यांच्यासमोर होत्या. रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही अंधारात ठेवून, बनावट गोळीशी तुलना करून घेतलेली एकही चाचणी कर्क्युमिनने जिंकलेली नव्हती. एकही. पी हळद अन् हो गोरी म्हणणाऱ्यांनी निदान गोरं होण्याची तरी वाट पाहिली असेल. कॅप्सूलवाल्यांना बिल झालं की पुरे असतं.

इथे कोणीतरी पेटंटची लढाई काढणारच. काढू द्या. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाला मिळालं, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने ते लढून १९९७ साली रद्द करून घेतलं, आणि त्याचा अभिमान योग्यच आहे. पण ते रद्द झालं हळदीचा हा उपयोग जुना आहे म्हणून. हळद किती गुणकारी, हा प्रश्न त्या भांडणात ऐरणीवर नव्हताच. आपण मात्र दोन्ही निकाल एकाच दिवशी लावून मोकळे झालो.

आता माणसांवरची एक सरळ चाचणी. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये नॅम्बोर नावाचं गाव आहे. ऊस-अननसाचा मुलूख, रणरणतं ऊन आणि युरोपातून आलेली गोरी कातडी. अंगावरचा डाग कापून घेतलेला माणूस तिथे शोधावा लागत नाही. १९९२ साली अॅडेल ग्रीन यांच्या चमूने तिथल्या १,६२१ जणांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, गट पाडले. काहींनी रोज सकाळी तोंड, मान आणि हातांना सनस्क्रीन चोपडायचं, काहींनी आपल्या मर्जीने. त्यातच काहींना रोज ३० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन, म्हणजे गाजरातला तो नारिंगी घटक, आणि बाकीच्यांना तशीच दिसणारी बनावट गोळी. ‘लावलं हो डॉक्टर’ असं म्हणायला काय जातं? म्हणून परत आलेल्या सनस्क्रीनच्या बाटल्या चक्क तोलून पाहिल्या. हा तपशील मला फार आवडतो. माणसाच्या बोलण्यावर न विसंबणाऱ्या शास्त्रावर माझा विश्वास लवकर बसतो.

साडेचार वर्षांनी निकाल लागला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत स्क्वेमस सेल जातीच्या गाठी सुमारे ४० टक्क्यांनी कमी. बेसल सेल जातीत फरक नाही. पुढे दहा वर्षं नजर ठेवली तर मेलानोमा, जो खरा जीवघेणा, तोही निम्म्यावर आलेला. आणि गाजराची गोळी? ढिम्म. काही भलं नाही, काही वाईट नाही. नॅम्बोरात निदान तिची अब्रू वाचली. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर तिची परीक्षा झाली, तिचा निकाल १९९४ साली आला, आणि ती घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला.

पण खरी मजा पुढे. त्याच ऑस्ट्रेलियात घरामागच्या वाफ्यांत एक क्षुल्लक तण उगवतं, आपल्या शेराच्या कुळातलं. तोडलं की पांढरा चीक येतो. हा चीक चामखिळीवर आणि उन्हाने उठलेल्या खरबरीत डागांवर लावायची तिकडच्या आज्यांची पद्धत. हेच डाग पुढेमागे कर्करोगात बदलू शकतात. म्हणजे आजीबाईचा बटवा, निसर्ग आणि प्रतिबंध, सगळं एका झाडात! शास्त्रज्ञांनी चिकातला घटक वेगळा काढला, ब्रिस्बेनच्या कंपनीने तो वाढवला, डेन्मार्कच्या लिओ फार्माने २००९ साली ती कंपनीच विकत घेतली, आणि २०१२ साली अमेरिका-युरोपात पिकॅटो नावाचं जेल दुकानात आलं. दोन-तीन दिवस लावा, डाग जाईल. डाग जातही होता.

मग तीन वर्षांच्या एका चाचणीत या जेलची इमिक्विमॉड या कारखान्यात बनलेल्या, कुठल्याही आजीला ठाऊक नसलेल्या मलमाशी गाठ पडली. उपचार केलेल्या जागी त्वचेचा कर्करोग निघाला तो जेलवाल्यांत ३.३ टक्के, मलमवाल्यांत ०.४ टक्के. जानेवारी २०२० मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी जेल थांबवलं. कर्करोग टाळायला लावायचं औषध कर्करोगाच्या संशयावरून बाजारातून उठलं. आणि घराणं बघा, हे तण आणि जमालगोटा दोघंही एकाच एरंड कुळातले.

बावचीचंही तेच. कोडावर बावची लावून उन्हात बसवायची रीत आपल्याकडे फार जुनी. तिच्यातलं सोरालेन उन्हाचा जोर वाढवतं. सोरालेन आणि अतिनील किरणांची जोडी पुढे सोरायसिसच्या उपचारात आली, रोग्यांना गुणही आला. अमेरिकेत १९७५ पासून अशा रोग्यांचा पाठपुरावा केल्यावर दिसलं की जितके उपचार जास्त तितका त्वचेचा कर्करोग जास्त.

याचा अर्थ झाडपाला टाकाऊ, असा काढू नका. नंदुरबारात जन्मलेल्या मनसुख वाणींनी मन्रो वॉल यांच्याबरोबर अमेरिकेत यू नावाच्या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल काढलं, त्यावर आज जगभर कर्करोगाचे रोगी जगताहेत. पण ते मोजूनमापून, शिरेतून, डॉक्टरच्या देखरेखीत दिलेलं विष आहे. रोग्याला जीव वाचवायचा असतो, केस गळणं तो सोसतो. धडधाकट माणसाला वीस वर्षं रोज काही द्यायचं तर त्याची झडती अधिक कडक व्हायला हवी. बाजारात नेमकं उलटं आहे. विषाला परवाना लागतो, ‘हर्बल’ला नुसतं लेबल.

शिवाय आपल्या रापलेल्या कातडीत रंगद्रव्याचा भरणा असल्याने उन्हाचा हा कर्करोग आपल्याकडे तसा थोडा. मेलानोमा होतो तोही बऱ्याचदा तळपायाला, जिथे ऊन पोचत नाही आणि फेसपॅक तर नाहीच नाही. आपले स्वतःचे त्वचेचे कर्करोग वेगळे आहेत. १९४५ सालीच डॉ. खानोलकर आणि सूर्याबाई यांनी धोतराच्या आवळलेल्या काठाखाली, कमरेवर होणारा कर्करोग नोंदवून ठेवला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी आणखी दोन बायकांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांतली एक सत्तरीची, नऊवारीखाली परकराची नाडी वर्षानुवर्षं घट्ट बांधणारी. कमरेच्या बाजूची जखम दीड वर्ष भरत नव्हती. कातडी घासली जाते, काळवंडते, चिरते, पुन्हा त्याच जागी नाडी बसते, आणि कधीतरी त्या जखमेचाच कर्करोग होतो. डॉक्टरांचा सल्ला एका ओळीचा: नाडी सैल बांधा.

सांगून बघा एखाद्या आजींना. सैल बांधली तर वाफ्यात वाकल्यावर लुगडं सुटेल ना बाबा, म्हणतील, आणि त्यांचं चूक नाही. तेव्हा परकराला रुंद पट्टा नाहीतर इलॅस्टिक लावून द्यायला हवं. ते काम कोपऱ्यावरच्या शिंप्याचं आहे, ग्रीन टीचं नव्हे.