एफ-सिक्सवाले दादा

पतसंस्था कुठल्याही तालुक्याची असो, तिथला सर्व्हर आणि तो सांभाळणारे दादा बरोबरच नोकरीला लागल्यासारखे दिसतात. कागदावर दादा क्लार्क. पण सर्व्हरच्या खोलीत चपला काढून यायचं, हा दंडक त्यांचा, आणि अध्यक्षही तो पाळतात.

सर्व्हरवर विंडोज २००३. मायक्रोसॉफ्टनं १४ जुलै २०१५ ला त्यावरून हात काढून घेतला, याचा राग दादांच्या मनातून अजून गेलेला नाही. "चालतंय ना? मग!" एवढंच त्यांचं धोरण.

मग जुनं मशीन घरघरायला लागतं, संचालक मंडळ कुरकुरत नवा सर्व्हर मंजूर करतं आणि दादांच्या अंगात वारं शिरतं. कंपनीचा पोरगा म्हणतो, "सर, फ्रेश इन्स्टॉल करून टाकू." दादा चष्म्यावरून बघतात. "आणि व्याजाचं सॉफ्टवेअर? ते बसवणारा दुबईला गेला. आहे तसं उचलायचं."

पोरगा जुन्या डिस्कची इमेज काढतो, नव्या मशीनवर उतरवतो, बटण दाबतो. विंडोजचा लोगो येतो. पोरगा खुशीत. दादा शांतपणे चहा फुंकत बसलेले. क्षणात पडदा निळा.

"सेव्हन-बी," दादा म्हणतात. स्क्रीनकडे न बघता.

लोगोपर्यंत डिस्क वाचायचं काम बायोस करतं, म्हणून तोवर सगळं गोड. पुढे विंडोज कारभार स्वतःच्या हातात घेतं, आणि नव्या कंट्रोलरचा ड्रायव्हर त्याच्यापाशी नसतो. ड्रायव्हर टाकायचा तर विंडोज चालू हवं. विंडोज चालू व्हायचं तर ड्रायव्हर हवा. वेड गेल्याशिवाय लग्न होईना, लग्न झाल्याशिवाय वेड जाईना. हे सगळं पोरग्याला आधीच सांगता आलं असतं, पण मग दादा कसले?

मग श्रीखंडाचा डबा उघडतो. आत फ्लॉप्या, प्रत्येकीवर मार्करनं लिहिलेलं नाव. शेजारी यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह. "सगळे चालत नाहीत, हा चालतो." जुनंच विंडोज दुरुस्त करायला सेटअपची सीडी फिरते, पडद्याच्या तळाशी एफ-सिक्सची ओळ उमटते न उमटते तोच ती कळ दाबायची. गंमत म्हणजे दाबल्यावर लगेच काहीच होत नाही. पोरगा घाबरून कळ बडवत सुटतो. दादा एकदाच दाबतात आणि हात मागे बांधून उभे राहतात. बऱ्याच वेळानं सेटअप फ्लॉपी मागतं, तेव्हा मिशीतल्या मिशीत हसतात.

तरी हा झाला नाइलाजाचा मार्ग, कंट्रोलर बोर्डावरच बसवलेला असेल तेव्हाचा. कंट्रोलर सुट्टं कार्ड असेल आणि जुन्या मशीनची खाच त्याला जुळत असेल, तर दादा ते कार्ड आधी जुन्या, धडधाकट सर्व्हरमध्ये बसवतात. डिस्क जुन्याच जागी. विंडोज कार्ड ओळखतं, ड्रायव्हर बसतो, मगच इमेज. माझ्या मते दादांची खरी विद्या ही. पण ती बघायला कोणी थांबत नाही, कारण तिच्यात निळा पडदाच येत नाही.

उजाडता उजाडता लॉगिन येतं. नेटवर्कचं जुनं कार्ड तिकडे भंगारात, तरी त्याचा आयपी नव्याला द्यायला गेलं की विंडोज सांगतं, हा पत्ता दुसऱ्या कार्डाकडे आहे. दादा डिव्हाइस मॅनेजरमधून ते भूत हुडकून काढतात.

दहाला मॅनेजर साहेब येतात, खुर्चीत बसून स्क्रीन न्याहाळतात. "दादा, हे तर तेच दिसतंय. एवढे पैसे कशाला घातले मग?"

दादांना याहून मोठी पावती नको असते. ती खिशात घालून ते घरी निघतात, तेवढ्यात काउंटरवरून मॅडमची हाक येते. "दादा, पासबुक छापत नाहीये. रात्री तुम्हीच हात लावला होता ना?"

दादा प्रिंटरची रुंद, पंचवीस पिनांची केबल हातात धरून नव्या सर्व्हरच्या मागं वाकतात. तिथं नुसत्या यूएसबीच्या खाचा.