करड्याच्या छटा
मेसरश्मिट बीएफ 109 या नाझी जर्मनीच्या लढाऊ विमानाचं 1/48 प्रमाणातलं प्लास्टिकचं मॉडेल जुळवणाऱ्याला सत्याची भारी चाड. आरएलएम 74 हा करडा नेमका किती हिरवट होता, यावरून तो जिवलग मित्राशीही बोलणं टाकेल. धुराड्यांची काजळी पंखाच्या मुळाशी कशी साचायची, हे तो काडीवर रंग घेऊन तासभर दाखवेल. शेपटीवरचं स्वस्तिक मात्र बऱ्याच संचांत तुकड्यांत येतं. जर्मनीत त्याला कायद्याचा अडसर. कंपनी नामानिराळी, चिमटा गिऱ्हाइकाच्या हाती! फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत कैद्यांना जुंपून याच विमानाचे भाग बनवले जात. त्याची खूण खोक्यात कुठेच नाही. वैमानिकाच्या पट्ट्याचं पितळी बक्कल मात्र जास्तीचे पैसे टाकले की मिळतं, तेही रंगवलेलं.