अपेक्षाभंगाचे निदान

प्रवासाला निघण्यापूर्वीच गंतव्यस्थान मनात पायापासून कळसापर्यंत बांधून ठेवायचे आणि तिथे पोहोचल्यावर मूळ शहराला त्याची नक्कल नीट जमली नाही अशी तक्रार करायची, या वृत्तीला वैद्यकीय प्रतिष्ठा मिळवून दिली ती पॅरिसने. तिथे काम करणारे जपानी मानसोपचारतज्ज्ञ हिरोआकी ओता यांनी १९८० च्या दशकात ज्या अवस्थेची दखल घेतली, ती आज ‘पॅरिस सिंड्रोम’ या नावाने ओळखली जाते. म्हणजे कल्पनेतले सुगंधी शहर आणि तुसड्या वेटरांचे, गर्दीच्या मेट्रोचे प्रत्यक्ष शहर यांच्या टकरीतून काही मोजक्या जपानी प्रवाशांना येणारी चक्कर, घाबरेपणा, क्वचित भ्रमही. इतर देशांचे प्रवासी याच अवस्थेत केवळ कुरकुरतात. लूव्र संग्रहालयातील मोनालिसा हे पॉप्लरच्या फळीवरचे चित्र सुमारे ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद असून, ते ‘एवढेसेच’ निघाले म्हणून हळहळणारा जमाव ज्या चित्राकडे पाठ करून उभा असतो, ते वेरोनेझेचे काना येथील विवाहसोहळ्याचे चित्र जवळजवळ १० मीटर रुंद आहे. मात्र त्याच्याविषयीची अपेक्षा कोणी घरून बांधून आणलेली नसल्यामुळे ते कोणाची निराशाही करू शकत नाही.