पंख्याच्या पात्यावरचे दाते

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात कुठल्याही वाचनालयात बसा आणि वर पाहा. पंख्याच्या तिन्ही पात्यांवर कुणाच्या तरी स्मरणार्थ नाव रंगवलेलं असतं. वीज गेली की ते वाचता येतं. भारनियमनाचा तेवढाच फायदा.

हा झाला जुना दाता. नवा दाता दोन टक्क्यांचा. 2013च्या कंपनी कायद्यातल्या कलम 135नं मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले 2 टक्के समाजासाठी खर्चायला लावले. दानधर्म सक्तीचा झाला, हे एक बरं झालं. पण तोच कायदा म्हणतो, कंपनीनं आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं. इथं आमचं घोडं अडतं. आमच्या आसपास केळीच्या बागा, कापसाच्या जिनिंग गिरण्या आणि उत्तरेला सातपुडा. साखर कारखाना उभा राहिला, तोही सहकारी. सहकारी संस्था या कलमात बसतच नाही.

मग पाड्यावर पोरं शिकवणारा कार्यकर्ता मुंबईच्या कंपन्यांना अर्ज करतो. आयकराच्या 12ए, 80जी नोंदण्या, आणि 2021पासून कंपन्यांचा हा निधी घ्यायला लागणारा सीएसआर-1चा नोंदणी क्रमांक. एवढं जुळवून झालं की पलीकडून विचारणा येते, ‘इम्पॅक्ट’ किती? चौथीतली पोरगी पहिल्यांदा घडाघडा वाचू लागली, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

त्यापेक्षा पंखेवाले परवडले. त्यांना फक्त नाव हवं असतं. दातेहो, पंखे पुरे झाले. आता विजेचं बिल भरा. पात्यावर तेही लिहू.