निम्म्या संसाराची शिकवणी

नवरा घर सोडून गेला त्या आठवड्यात भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. "तुझंच काहीतरी चुकलं असणार" हे मावशींनी एक अक्षर न बोलता नजरेनं सांगितलं, वहिनींनी ओल्या नारळाच्या वड्या आणल्या आणि वरच्या मजल्यावरच्या काकांनी पत्रिका मागितली. प्रत्येकाला माझ्या मनाची काळजी. मला मात्र मेन स्विच कुठे आहे तेवढंच हवं होतं, कारण घरात अंधार होता आणि ही माहिती नवऱ्याबरोबर गेली होती.

संसारात कामांची वाटणी होते म्हणतात. आमच्यात अज्ञानाची झाली होती. वीजबिल, विमा, सोसायटीचा मेंटेनन्स, गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह, यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. तिकडे त्याला कुकरची रिंग उलटी की सुलटी हे कळत नसणार, या विचारानं थोडं बरं वाटे. (थोडं कसलं, चांगलंच.)

परस्परसंमतीनं वेगळं व्हायचं तर आधी वर्षभर वेगळं राहायचं, मग अर्ज, त्यानंतर पुन्हा सहा महिने थांबायचं. हे सहा महिने न्यायालय माफ करू शकतं, असं सुप्रीम कोर्टानं 2017 साली सांगितलं आहे. मी माफी मागितली नाही. ती मुदत फेरविचारासाठी असते. मी ती शिकवणीला वापरली. बँकेत कळलं, की घटस्फोट झाला तरी नॉमिनीचं नाव आपोआप बदलत नाही, फॉर्म आपणच भरायचा. काउंटरवरच्या मुलानं बदलाचं कारण विचारलं. म्हटलं, "अरे, कारण मोठं आहे, रकाना लहान आहे." तो लाजला आणि शिक्का मारून मोकळा झाला.

स्वयंपाकघरात, जिथे मी तज्ज्ञ, तिथेच पंचाईत. 14.2 किलोचा सिलिंडर संपता संपेना. पाच लिटरच्या कुकरात मूठभर तांदूळ तळाशी दिसेनासे होत. एकटीची आमटी करणं पंगतीच्या स्वयंपाकापेक्षा अवघड. हिंगाची चिमूट आणखी किती लहान करणार? शेवटी दीड लिटरचा कुकर आणला. कोर्टाचे कागद कोरड्या डोळ्यांनी वाचणारी आई त्या कुकरकडे बघून रडली. मी त्यातला भात दोनदा वाढून घेतला.

जोडीनं सुखात असणाऱ्यांनो, तुमच्या संसाराला दृष्ट न लागो. पण विम्याचे कागद कोणत्या कपाटात आहेत ते एकीनं विचारून घ्या आणि वरणाला पाणी किती घालायचं ते दुसऱ्यानं. का विचारताय ते मात्र सांगू नका. उगाच भांडण व्हायचं.